भरजरी पोशाख आणि उपाशी फौज



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे इतिहासशिक्षक होते आणि सिनेमाचेही तितकेच दर्दी. त्यांच्या नावाने बोलायचे, तर ऐतिहासिक चित्रपटाबद्दल बोलावे असे ठरवले. मनातली खंत लपवायची नाही हेही ठरवले. आज मी मुख्यतः एकाच चित्रपटाबद्दल बोलणार आहे, तो म्हणजे आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’. ६ डिसेंबर २०१९ रोजी तो प्रदर्शित झाला. त्याच्या गल्ल्याची चर्चा आता थांबली आहे आणि त्याच्यावरून झालेली भांडणेही विरली आहेत. म्हणून त्याच्याकडे आज निवांतपणे बघता येते.

हाच चित्रपट का? चांगला होण्यासाठी जे जे लागते ते सारे त्याच्याजवळ होते म्हणून. दिग्दर्शक मराठी, ‘लगान’ आणि ‘जोधा अकबर’ करून हात बसलेला. नितीन देसाईंनी कर्जतला शनिवारवाडा उभा केला. पोशाख नीता लुल्लांचे, संगीत अजय-अतुल यांचे. आणि विषय असा, की तो महाराष्ट्रातल्या घराघरात आजही बोलण्यात येतो. अडाणीपणाने केलेल्या चित्रपटाने माणूस निराश होत नाही, तो विसरून जातो. जाणत्या माणसांनी, प्रेमाने, पैसा ओतून केलेले काम आतून पोकळ निघते तेव्हा मात्र ते मनात सलत राहते.

आधी डोळ्यांना जे दिसते त्याबद्दल बोलू. ‘पानिपत’ देखणा आहे यात शंका नाही. दिवे, समया, दालने, पैठण्या, अंगरखे, सगळे नीटस. तरीही त्या वाड्यात कुणी राहते असे वाटत नाही. पगडी कधी तिरकी होत नाही. अंगरखा काखेत घामाने भिजत नाही. गादीवर बसलेला माणूस कधी लोडाला टेकत नाही की मांडी बदलत नाही. शनिवारवाडा हे मराठी दौलतीचे काम चालण्याचे ठिकाण होते. कापडी रुमालात बांधलेली दप्तरे, टाक-दौत घेऊन बसलेले कारकून, बाहेर ताटकळणारे जासूद, कर्जाचा तगादा लावायला आलेले सावकार, हे त्या वाड्याचे रोजचे जगणे. पडद्यावर हे कुठेतरी मागे ओझरते दिसते आणि पुढे माणसे रांगेने उभी राहून वाक्ये म्हणतात. पोशाख अंगावर चढतो, पण सवयीचा होत नाही. नटाने पंधरा दिवस ते कपडे घालून जेवावे, हिशेब लिहावेत, उन्हात चालावे, मग कॅमेऱ्यासमोर यावे, असे मला फार वाटते. घोडेस्वारी आणि तलवारबाजी शिकवायला आज माणसे मिळतात. गादीवर बसायला शिकवणारा कुणी ठेवत नाही.

आता चित्रपटाचा नायक, अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीवर चालून गेलेल्या मराठी फौजेचा सेनापती सदाशिवरावभाऊ. चिमाजीअप्पांचा हा मुलगा १७३० साली जन्मला. आई महिन्याभरातच गेली. आजी राधाबाईंनी त्याला वाढवले. पानिपतावर तो अवघा तीस वर्षांचा होता. त्याची खरी तयारी लष्करापेक्षा कारभारात झालेली. रामचंद्रबाबा शेणवींसारख्या मुरलेल्या माणसाच्या हाताखाली तो हिशेब, करार, वसुली आणि माणसांची पारख शिकला. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात या मोहिमेच्या काळातली पत्रे आहेत. ती वाचताना भाऊ डोळ्यांसमोर उभा राहतो. उत्तरेतल्या वसुलीचे काम पाहणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना तो परत परत लिहितो आहे: पैसा पाठवा, धान्य पाठवा, अंतर्वेदीत (गंगा-यमुनेच्या दुआबात) शत्रूची रसद तोडा. पत्रे जसजशी पुढे जातात तसतसा सूर चढत जातो. आधी आज्ञा, मग राग, मग काकुळती. हट्टी, हुशार, कामाचा वाघ, स्वतःच्या बुद्धीवर जरा जास्तच विश्वास असलेला आणि हळूहळू कोंडीत सापडत गेलेला तरुण कारभारी. नटाला याहून मोठी भूमिका कुठे मिळणार?

चित्रपटात भाऊंच्या हाती खजिन्याचा कारभार येतो खरा. पण तो येतो घरातल्या हेव्यादाव्यांतून, आणि कथेला उत्तरेकडे वळवून झाले की त्या कारभाराचे काम संपते. मोहीम निघते तेव्हा हिशेब मागे राहतो आणि उरतो एक शूर, सुस्वभावी, पत्नीवर प्रेम करणारा, कधीही न चुकणारा नायक. अर्जुन कपूर यांनी या भूमिकेसाठी मेहनत घेतली, डोके भादरले, शरीर घडवले, हे मान्यच केले पाहिजे. पण जवळजवळ तीन तासांत त्यांचा आवाज एकाच पट्टीत राहतो. दरबारात बोलतानाचा भाऊ आणि उपाशी छावणीतला भाऊ यांच्या डोळ्यांत मला फरक सापडला नाही. पार्वतीबाईंच्या भूमिकेत क्रिती सेनन अधिक जिवंत वाटतात. त्यांच्या बघण्यात कुतूहल आहे, बोलण्यात खट्याळपणा आहे. मात्र पटकथेने त्यांना निवेदन, प्रेमगीते, वैद्यकी आणि तलवार असे सगळेच एकदम दिल्याने व्यक्तिरेखेला बुड राहत नाही.

अभिनय फसला की आपण नटाला दोष देऊन मोकळे होतो. मला तो अर्धाच न्याय वाटतो. नटाचा कस लागतो तो माणसाला काही ठरवायचे असते तेव्हा. समोर दोन वाटा आहेत, दोन्हींत नुकसान आहे आणि वेळ थोडा आहे, अशा क्षणी चेहऱ्यावर काहीतरी घडते. ज्याला काही ठरवायचेच नाही, जो पहिल्या दृश्यापासून बरोबर आहे आणि शेवटच्या दृश्यापर्यंत बरोबरच राहणार आहे, त्याचे काम कुणीही केले तरी तो ताठ मानेने उभा राहण्यापलीकडे काय करणार? आणि पानिपतची मोहीम तर अशा पेचांनीच भरलेली आहे. त्यांतले तीन-चार मी आपल्यासमोर मांडतो.

पहिला पेच मल्हारराव होळकरांचा. उत्तरेत आयुष्य घालवलेला, केस पिकलेला हा सरदार. त्याचे म्हणणे साधे होते: जड तोफा आणि बायकामुले मागे सुरक्षित ठेवा, सडे होऊन हिंडा, आपल्या पद्धतीने शत्रूला दमवा. भरतपूरच्या सूरजमल जाटाचाही सल्ला तसाच होता. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींवर आणि तोफखान्यावर. उदगीरला निजामाविरुद्धच्या लढाईत त्यांनी या तोफांचा पराक्रम स्वतः पाहिला होता. म्हणजे जुनी युद्धकला जाणणारा म्हातारा आणि नवी युद्धकला हातात आलेला तरुण असा हा झगडा आहे, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तोफखाना घेऊन पळता येत नाही, आणि गारदी सोडले तर उरलेल्या सैन्याशी त्याचा मेळ बसत नाही. त्यातच मल्हाररावांचे अब्दालीच्या बाजूच्या रोहिला सरदार नजीबाशी असलेले जुने लागेबांधे. त्यांच्या सल्ल्यात अनुभव किती आणि स्वार्थ किती, हे भाऊंना कळायला मार्ग नव्हता. या एका बैठकीवर अर्धा तास खर्चायला हवा होता. मल्हाररावांच्या भूमिकेत रवींद्र महाजनी होते, शांत बसूनही पडदा भरून टाकणारे नट. त्यांच्या वाट्याला जे आले ते फार थोडे. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती त्याची.

दुसरा पेच दिल्लीचा. ऑगस्ट १७६० मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला, पण त्यात पैसा नव्हता. फौजेचे पगार थकले होते, पुण्याहून रक्कम येत नव्हती. दिवाण-इ-खासच्या छताला चांदी होती. भाऊंनी ती उतरवून वितळवली आणि तिचे रुपये पाडले. सूरजमल दुखावून निघून गेला, त्यामागे जी कारणे सांगतात त्यांतले हे एक. या प्रसंगाला किती बाजू आहेत ते पाहा. बादशाहीच्या रक्षणासाठी आलेला माणूस बादशहाच्या दरबाराचे छत उखडतो आहे. त्याला लाज वाटत असेल का? की शिपायाच्या पोटापुढे छताची काय किंमत, असा त्याचा विचार असेल? शिडीवर चढलेले कारागीर, खाली पडणारे पत्रे, ते मोजून घेणारा कारकून आणि बाजूला उभा असलेला तीस वर्षांचा कारभारी, ज्याला या क्षणी कुणाच्याही नजरेला नजर द्यायची नाही. एकही संवाद नको. पडद्यावर मला हा माणूस हवा होता.

तिसरा पेच नदीचा. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा घेतला. तिथे धान्याचा मोठा साठा मिळाला, अब्दालीशी लढताना पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूचा सूडही घेतला गेला. फौज आनंदात असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता तोडला. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा पानिपताच्या मैदानावर समोरासमोर बसून होत्या. एवढ्या मोठ्या वाटचालीत चूक झाली, आणि ती आपली झाली, हे नायकाला कधी कळले? बातमी आणणाऱ्या जासुदाकडे त्याने कसे पाहिले? चित्रपट हा क्षण नकाशावर दाखवावा तसा दाखवतो आणि लढाईकडे निघतो.

आणि मग उपासमार. माझ्या मते पानिपतच्या कथेचे काळीज इथे आहे. लढवय्यांबरोबर यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, बायका-मुले होती. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशा संपली. जनावरे मरू लागली. सडक्या वासात, उत्तरेच्या थंडीत, दक्षिणेतून आलेली माणसे बसून होती. त्या दिवसांचे वर्णन करणारा एक माणूस आपल्याला लाभला आहे: काशीराज पंडित, अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला आणि म्हणून शत्रूच्या छावणीत राहून हे सगळे पाहणारा. त्याच्या फारसी वृत्तांतात लढाईच्या आदल्या रात्रीची हकीकत आहे. सरदार आणि शिपाई भाऊंकडे येतात. दोन दिवस पोटात काही नाही, असे मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणतात. भाऊ त्यांचे ऐकतात, विडे वाटले जातात, माणसे आपापल्या जागी परततात. तहाची खटपट करावी म्हणून भाऊंनी काशीराजालाच पाठवलेली शेवटची चिठ्ठी त्याला पहाटेच्या आत मिळते. तोवर मराठी फौज निघालेली असते. पगड्यांचे शेव मोकळे सोडलेले आणि तोंडाला हळद फासलेली.

श्रोतेहो, या हळदीपाशी थोडे थांबू या. मरायला निघालेल्या माणसांनी तोंडाला हळद फासली. छावणीत पीठ नाही, मीठ नाही, पण हळद आहे. कुणीतरी ती पाण्यात कालवली असेल. एकाने दुसऱ्याच्या गालाला लावली असेल, कारण अंधारात आरसा नाही. ओठ फुटलेले, गालफडे बसलेली आणि त्यावर हा पिवळा रंग. वेशभूषा आणि रंगभूषा म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला आपल्या इतिहासात आठवत नाही. इथे कपडा आणि रंग माणसाच्या मनातले सांगतात. लाखो रुपयांच्या जरीपेक्षा या दोन चिमूट हळदीत जास्त नाट्य आहे. ‘पानिपत’मध्ये भूक येते ती मुख्यतः बोलण्यातून, कुणीतरी सांगते म्हणून. पडद्यावरचे चेहरे मात्र धष्टपुष्टच राहतात. उपाशी माणसाचे चालणे मंदावते, त्याचा राग विनाकारण भडकतो, तो वाक्य अर्धे सोडतो. नटांनी हे करायला हवे होते. भुकेल्या माणसाने केलेली लढाई आणि पोटभर जेवलेल्या माणसाने केलेली लढाई कॅमेऱ्यात एकसारखी दिसून कशी चालेल? १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी दुपारपर्यंत मराठ्यांचे पारडे जड होते. मग त्यांचा दम संपला. दम का संपला हे ज्याने आधी दाखवले नाही, त्याला तो पराभव नुसत्या दैवाने किंवा फितुरीने झालेला दाखवावा लागतो.

अहमदशहा अब्दालीबद्दल थोडक्यात. संजय दत्त यांचा अब्दाली दरारा निर्माण करण्यासाठीच घडवलेला आहे. जडावलेली चाल, काजळलेली नजर, खर्जातला आवाज. खरा अब्दाली तेव्हा चाळिशीच्याही अलीकडचा होता. पश्तूत कविता करणारा, जिद्दी आणि अत्यंत सावध सेनापती. तो रोज घोड्यावरून आपल्या चौक्या फिरून बघत असे. त्याचीही माणसे घराकडे डोळे लावून बसली होती, त्यालाही रोहिले आणि सुजा यांना सांभाळून घ्यावे लागत होते. समोरच्याची बुद्धी झाकली की आपल्या नायकाची बुद्धीही दिसेनाशी होते. दोन तरुण, हुशार माणसे अडीच महिने एकमेकांच्या चुकीची वाट पाहत बसली, हे नाट्य मग एका भयंकर म्हाताऱ्याशी झालेल्या मारामारीवर येऊन थांबते.

आता प्रश्न असा, की गोवारीकरांसारख्या विचारी माणसाकडून हे का सुटले? मला वाटते, यात आपलाही हात आहे. ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्याच्या मानेवर आज सतत तलवार असते. ‘पानिपत’ प्रदर्शित झाल्यावर सूरजमलाच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि निर्मात्यांना काही दृश्ये कापावी लागली. २०२५ साली ‘छावा’च्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून गदारोळ झाला आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य गेले. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’वरून झालेला वाद आपल्याला आठवत असेलच. कुणाच्या भावना दुखावल्या हे मी क्षुल्लक मानत नाही. पूर्वजांवरचे प्रेम खरे असते. पण याचा परिणाम काय होतो तो पाहा. प्रत्येक घराणे, प्रत्येक समाज, प्रत्येक प्रांत आपल्या माणसाला निष्कलंक मागतो. लेखक भीतीने एकेक शंका, एकेक चूक, एकेक हट्ट काढून टाकतो. शेवटी नटाच्या हातात उरतो तो पुतळा. आणि मग आपणच बाहेर येऊन म्हणतो, अभिनयात दम नव्हता.

पूर्वी असे नव्हते, हे सांगायला ‘प्रभात’चा १९४४ चा ‘रामशास्त्री’ पुरेसा आहे. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई. १७७३ साली पेशवे नारायणरावांचा खून झाला. त्या खुनाबद्दल त्यांच्या चुलत्याला, खुद्द रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश हा त्या कथेचा नायक. जागीरदार या भूमिकेत छाती काढून गर्जत नाहीत. निवाडा देण्यापूर्वीचे त्यांचे गप्प राहणे बघा. ज्या घराण्याचे अन्न खाल्ले त्याच्याच मुख्य माणसाला दोषी ठरवायचे आहे, याचा ताण खांद्यांत उतरलेला दिसतो. पेशव्यांच्या घरातले पाप पेशव्यांच्याच न्यायाधीशाने उघडे केले, हे तेव्हाच्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतले. त्याने त्याचा मराठी अभिमान कमी झाला नाही. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची दूरदर्शनवरची ‘स्वामी’ मालिका ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल, की नेपथ्य अगदी बेताचे होते. तरी खंगत चाललेले पेशवे माधवराव आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या रमाबाई यांच्यासाठी लोक आठवडाभर थांबत. एका आजारी माणसाने कारभार कसा केला, एवढेच त्यात बघायचे होते.

‘बाजीराव मस्तानी’चा उल्लेख केला आहे, तर त्यालाही न्याय द्यायला हवा. रणवीर सिंग यांनी चालण्या-बोलण्याची एक लकब शोधली आणि ती शेवटपर्यंत सांभाळली. रावेरखेडीच्या अखेरच्या दृश्यातला त्यांचा भ्रम अंगावर येतो. तिथे तक्रार अभिनयाबद्दल नसून कथेबद्दल आहे. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाला न लढता कोंडणारी ती बुद्धी प्रेक्षकाला त्या चित्रपटात भेटत नाही. तिच्याशिवाय बाजीराव समजत नाही.

काही श्रोते म्हणतील, चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. अगदी मान्य. तपशील बदलायला माझी हरकत नाही. भाऊंची चांदी वितळवण्याची घटना वगळून दुसरी कल्पित घटना घाला, पण तिच्यात त्याच जातीचा पेच असू द्या. गेल्या काही वर्षांत मराठीत शिवकालावरचे चित्रपट एकामागून एक आले. त्यांना मिळणारी गर्दी, मुलांना खांद्यावर घेऊन आलेले बाप, संपताना होणारा गजर हे सगळे मी आदराने पाहतो. त्या मुलांना घरी जाताना काही प्रश्न पडावेत एवढीच माझी इच्छा आहे. भाऊ मागे का फिरले नाहीत? मल्हारराव का निघून गेले? इब्राहिमखानाला धर्माच्या नावाने फोडायचा प्रयत्न झाला तरी तो शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूने का लढला? असा एक प्रश्न जरी मुलाने घरी नेला तरी आमच्या इतिहासशिक्षकांचे निम्मे काम झाले.

आणि पानिपतावर करण्यासारखे अजून पुष्कळ आहे. चित्रपट रणांगणावर संपतात, मराठी माणसाचे पानिपत तिथून पुढे सुरू होते. नानासाहेब पेशवे त्या बातमीनंतर पर्वतीवर खचत गेले आणि २३ जून १७६१ ला वारले. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मानला नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. पुढे एक माणूस मीच भाऊ म्हणून उभा राहिला. कैदेत पडला, सुटला, कोकणात त्याने हजारो माणसे गोळा केली आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. त्यानंतर या कथेकडे मोठ्या पडद्याने गंभीरपणे पाहिल्याचे मला आठवत नाही. पंधरा वर्षांनीही हजारो लोकांना भाऊ जिवंत हवा होता. त्यांतल्या कितींना मनातून ठाऊक होते की हा तो नव्हे? ओळख पटवण्यासाठी समोर आणलेल्या माणसाकडे, भाऊंना खरोखर ओळखणारा एखादा जुना कारकून पाहतो आहे. ‘हो’ म्हटले तर राज्य हादरेल, ‘नाही’ म्हटले तर एक जीव जाईल आणि स्वतःच्या मनातली शेवटची आशाही. या दृश्याला हत्ती-घोडे लागत नाहीत. ज्या दिग्दर्शकाला ते करायचे असेल त्याने राजवाड्यांचा तो पहिला खंड आणि इतिहासकार शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ आधी वाचावे, मग नट निवडावा आणि शिंप्याला सगळ्यात शेवटी बोलवावे.